‘उल्का’ बँडची कॅसेट उन्हातून उचलण्याबाबत

प्रति,
मा. पोलीस निरीक्षक साहेब,
पोलीस ठाणे, तांबेओहोळ,
जि. अहिल्यानगर.

अर्जदार : गोरक्ष सहादेव पालवे, धंदा साऊंड सर्व्हिस, रा. तांबेओहोळ.

विषय : जप्त केलेल्या टेपमध्ये अडकलेली कॅसेट खराब होण्यापूर्वी परत मिळणेबाबत.

संदर्भ : माजी सभापती कल्याणराव यांची अर्जदाराविरुद्धची तक्रार.

महोदय,

वरील विषयास अनुसरून अर्जदार सविनय निवेदन करतो की,

१. अर्जदाराचा ॲम्प्लिफायर, कर्णे व टेप आपल्या ठाण्याच्या ओसरीवर पत्र्याखाली पडून आहेत. टेपमध्ये ‘उल्का’ या रॉक बँडची कॅसेट तशीच आहे. वैशाखाचे ऊन दुपारनंतर थेट तिच्यावर येते. अर्जदाराने हवालदारांना हात जोडून विनवले, तर ते म्हणाले, “मुद्देमाल हाय. सावलीत सरकवायचा तरी साहेबांचा हुकूम लागतो.” म्हणून साहेबांना तसदी.

२. साहेब बाहेरगावचे, तेव्हा ‘उल्का’ म्हणजे काय हे सांगणे भाग आहे. चाळीसेक वर्षांपूर्वी याच गावच्या केस वाढवलेल्या पोरांनी इलेक्ट्रिक गिटार आणि ड्रम घेऊन हा बँड काढला. गाणारा बन्सी. त्यांच्या ‘चल फटफटी’ या गाण्याचा लोकांनी वरातीत वाजवून वाजवून पार चोथा केला. कॅसेटच्या दुसऱ्या बाजूकडे मात्र कोणी ढुंकून पाहिले नाही. तिच्यावर ‘कोपी’ आहे. ऊसतोडीला गेलेल्या आईची पाचटाच्या कोपीत, म्हणजे झोपडीत, वाट पाहणाऱ्या पोराचे गाणे. पहिले कडवे बन्सी नुसता गुणगुणतो आणि मग ड्रम येतो, तो उसाच्या बुडख्यावर कोयता बसावा तसा. ‘घाटातली गाडी’ या गाण्यात गिटारची तार मध्येच तुटते, तरी पोरे थांबत नाहीत, उरलेल्या तारांवर घाट चढून जातात. तिथे अर्जदाराच्या अंगावर आजही काटा येतो. हे ऐकून ज्याला काहीच होत नाही, त्याच्या कानांविषयी अर्जदारास शंका आहे.

३. आता ही एकच प्रत उरली आहे. बाकीच्यांनी कॅसेटच्या भोकात कागदाचे बोळे कोंबून दुसरी बाजू पुसली आणि तिच्यावर बारशी, कीर्तने, पोरांची लग्ने भरून घेतली. कल्याणरावांनी तर स्वतःचे पहिले भाषण भरले. तेव्हापासून अर्जदाराचा त्यांच्यावर राग आहे, हे लपवण्यात अर्थ नाही.

४. गेल्या आषाढात बन्सी वारला. दहाव्याला ओढ्याकाठी अर्जदाराचाच माईक होता. पुढाऱ्यांची श्रद्धांजलीची भाषणे लांबली. पिंड मांडून झाला, पण कावळा शिवेना. लोकांनी तऱ्हेतऱ्हेचे शब्द दिले, “पोरीचं आमी बगू”, “घराचं काम पुरं करू”. कल्याणरावांनी ‘चल फटफटी’ लावायला सांगितले. कावळा लिंबावरून हलला नाही. अर्जदाराने कॅसेट उलटून ‘कोपी’ लावली, आणि कावळा खालच्या फांदीवर आला. तेवढ्यात कल्याणरावांनी वायर उपटली. “बंद कर ते रडगानं. लोकं बन्सीला फटफटीमुळं वळखत्यात,” असे ते भरल्या दहाव्यात म्हणाले. शेवटी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला. बन्सीची पत्नी विजयमाला लोक पांगले तरी लिंबाकडे बघत उभी होती. ते पाहून अर्जदाराच्या मनात जे आले, ते सरकारी कागदावर लिहिण्याजोगे नाही.

५. भाषणात मध्येच गाणी लावल्याचा तक्रारीतील आरोप खरा आहे, किंबहुना कमीच लिहिला आहे. पंचक्रोशीत दुसरा साऊंडवाला नाही आणि कल्याणरावांना माईकशिवाय दोन शब्द सुचत नाहीत. झेंडावंदनाला ते पाणी प्यायला थांबले, अर्जदाराने ‘कोपी’ लावली. टाकीच्या उद्घाटनाला त्यांना खोकला आला, अर्जदाराने ‘घाटातली गाडी’ लावली. पुढे पुढे ते न थांबता बोलू लागले. श्वाससुद्धा चोरून घेत. वाढदिवसाला त्यांचा चेहरा जांभळा झाला तरी अर्जदाराने वाट पाहिली. पुतण्याच्या साखरपुड्यात ते एकदाचे दमले आणि अर्जदाराने दुसरी बाजू सुरुवातीपासून लावली. त्याच रात्री साऊंड जप्त झाला. अर्जदारास पश्चात्ताप झालेला नाही.

६. आवाज कमी ठेवण्याचे, वेळ पाळण्याचे हमीपत्र अर्जदार आज देईल. परंतु ‘कल्याणरावांना ऐकू जाईल असे उल्काचे गाणे वाजवणार नाही’ असे त्यावर लिहून मागितले जात आहे. त्यावर अर्जदाराची सही होणार नाही. बन्सीची सोडवणूक ज्याने अडवली, त्याच्या कानाला अर्जदार आराम देणार नाही.

७. सबब विनंती की, ॲम्प्लिफायर आणि कर्णे खुशाल ठेवून घ्यावेत. गंजले तरी तक्रार नाही. कॅसेट मात्र आजच उन्हातून उचलावी, आणि ती अर्जदाराकडे न देता विजयमालाबाईंच्या हाती द्यावी. त्या काल स्वतः अर्जदाराच्या दारी येऊन म्हणाल्या, “भाऊ, तेवढी कॅसेट मला आनून द्या. पुढचं मी बगते.” त्यांचे घर कल्याणरावांच्या घराला भिंतीला भिंत लागून आहे. त्यांच्याकडे टेपरेकॉर्डर आहे, आणि त्यांनी कोणालाही कसलेही हमीपत्र दिलेले नाही.

आपला नम्र, परंतु कल्याणरावांचा नव्हे,

गोरक्ष सहादेव पालवे
तांबेओहोळ, दि. १२ मे २०२५

सोबत : कॅसेट झाकण्यासाठी ओला पंचा, एक नग. हुकूम होईपर्यंत तरी टाकावा.