गॅलिव्हंट करण्याची पूर्वतयारी

२ फेब्रुवारी
आठवीत असताना मधल्या सुट्टीत मी आणि माझी मैत्रीण बुटकी कोपऱ्यावरच्या पोस्टाच्या पेटीपर्यंत गेलो होतो. एकच गोळी, आळीपाळीने चोखत. परतताना कॉन्व्हेंटच्या सिस्टरने फाटकातच पकडलं : कुठे गॅलिव्हंट करत होतात? शब्द कळला नाही, पण बक्षीस मिळाल्यासारखं वाटलं.
आज समोरच्या बिल्डिंगमधून बुटकीचा फोन. वीस तारखेला लेकीकडे जातेय, कायमची. त्याआधी एकदा दोघींनीच पुलापलीकडे भटकून येऊ म्हणाली.
परवा निघायचं. ठरलं म्हणजे ठरलं.

४ फेब्रुवारी, सकाळी ७
निघण्यापूर्वी डिक्शनरी पाहिली. मजेखातर इकडेतिकडे हिंडणं. मूळ नक्की नाही. बहुधा ‘गॅलंट’वरून, म्हणजे बायकांपुढे मिरवणारा छैलछबिला. पूर्वी बायका-पुरुषांनी एकमेकांबरोबर उंडारणं, असाही अर्थ होता!
सिस्टरला हे ठाऊक होतं? आम्ही तर मावशीला पत्र टाकलं होतं.

दुपारी २
मूळच अनिश्चित, तर घाई नको, बेत पुढे ढकलला. बुटकी म्हणाली, अगं बाई, चालायचंय, परीक्षा द्यायची नाही.

९ फेब्रुवारी
नवे बूट. गॅलरी ते स्वयंपाकघर चाळीस फेऱ्या. पायाला भिंगरी लागलीय नुसती. सूनबाई म्हणाली, आई, फरशी झिजेल, जिना उतरा की. तिला सरावाचं महत्त्व कळत नाही.

१३ फेब्रुवारी
बूट चावतात. टाचेला कापूस. उत्साह दांडगा.

१६ फेब्रुवारी
वेळापत्रक केलं. निघणे, पूल, चहा, जुन्या गप्पा (वीस मिनिटं), परत. मग लक्षात आलं, गॅलिव्हंटिंगमध्ये बेत बसत नाही. फाडून टाकलं. आता अचानकच निघायचं. परवा, बरोबर साडेचारला.

१८ फेब्रुवारी
साडेचारला बुटकी दारात. मी पाचच मिनिटं म्हणाले. बरा स्वेटर सापडेना. ती पाऊण तास जिन्यात बसली, मग एकटीच गेली.
उतावीळ स्वभाव, शाळेपासूनचा.

१९ फेब्रुवारी
पूल छान होता म्हणे. मी विचारलं, एकटीने कसलं गॅलिव्हंटिंग? ती म्हणाली, उद्या नऊला टॅक्सी आहे, सातला ये, निदान कोपऱ्यापर्यंत जाऊ.
जाणार. बूट घालूनच झोपते.

२० फेब्रुवारी, सकाळी ११
सातला उतरले. गॅस बघायला परत आले. पुन्हा उतरले. चष्मा बदलायला परत. मग जरा बसले, तिला शेवटचं काय सांगायचं त्याचा विचार करत. वाक्य जुळलं तेव्हा नऊ वाजून गेले होते. धावले. टॅक्सी कोपऱ्यावर वळत होती. हात हलवला. तिने मागे पाहिलं की नाही, कळलं नाही.
तिच्या वॉचमनने कागद दिला. मागे ठेवलेल्या वस्तूंची वाटणी माझ्यावर सोपवलीय :
कुंड्या वॉचमनला, मोठीत रोज पाणी.
इस्त्री तळमजल्यावरच्या शिंप्याला.
लोकरीची शाल तुझ्या सूनबाईला, तिने जिन्यात मला चहा आणून दिला होता.
छत्री तुला. तुझ्याकडे नवीच्या नवी राहील.