टेबलावर गुंडाळलेली वायर

ती. ताईस धाकटीचा नमस्कार.

स्वेटर, उदबत्त्या आणि पोथी पोचली. तिकिटं कमी पडली म्हणून टपालवाल्याने आठवड्याच्या दुधाएवढे पैसे घेतले. देवाच्या कृपेने आम्ही बरे आहोत. आईचा गुडघा कसा आहे? तिला इथपर्यंतच वाचून दाखव.

ताई, यांची नोकरी चालली. दवाखान्यातल्या यंत्रांतून रेडिओच्या लहरी किती निसटतात, ते हे मोजतात. खरं माप मोकळ्या मैदानात, दहा मीटरवरून घ्यायचं असतं. मैदानाचं भाडं वाचावं म्हणून यांनी टेबलावरच, यंत्राला अगदी खेटून माप घेतलं आणि अंतराच्या हिशोबाने लांबचा आकडा काढला. यंत्राची वायर टापटिपीने गुंडाळून ठेवली होती. यंत्र पास, असं मालकांना लिहूनही दिलं.

गिऱ्हाइकाने मैदानात वायर पसरून मोजलं, तर ती वायरच लहरी फेकत होती. यंत्र नापास.

मालक म्हणाले, "तुमच्या टेबलावर मुकं, आणि गावभर बोंब. महिनाअखेरीस मोकळे व्हा."

मी यांना म्हटलं, "हिशोबात चूक होती का?"

"हिशोब बरोबर होता गं. पण इतक्या जवळच्या मापाला तो लागूच होत नाही. आणि हे मला ठाऊक होतं."

त्यानंतर यांच्या पुढ्यातलं ताट तसंच राहतं. मी देवापुढे बसते, पण काय मागावं ते सुचत नाही.

भाऊजींना विचार, तुमची मागची खोली आम्हाला मिळेल का. नाही म्हणाले तरी उलट टपाली कळव. पाकिटावर माझंच नाव घाल. मी विचारलंय हे यांना माहीत नाही.

तुझी,
धाकटी