कापलेल्या दोराबद्दल

दादा,

उद्या तो सुळका चढलास, तर वर्षभर मित्रांत तुझाच तोरा, हे मी जाणून आहे. तरी तुझा दोर मी कात्रीने कापलाय. आल्या आल्या ओरडू नकोस. दिवसभर कापड चाचपणारी बोटं माझी. दोर गुंडाळताना सहज हातभर-हातभर सरकवला. वरची वीण शाबूत, पण एके जागी वीतभर पोकळ लागलं. उसवलं तर आत मोजकेच धागे उरलेले. मागच्या खेपेला "पाय जरासा घसरला" म्हणालास ना? एवढ्याशा धाग्यांनी तुला अख्ख्याला तोललं, दादा! वहिनीला हे सगळं तू सांग, मी दुकानात कामाला जातेय. मागच्या वेळी शिखर तुला मिळालं, फोटो मित्रांना. किंमत एकट्या दोराने मोजली.