आजोबांची गाळलेली बारा वर्षं

रायपूर,
रविवार

प्रिय दीपमाला,

चार महिन्यांनी बापाचं पत्र आलं, तेही कागदावर, म्हणून हसशील. फोनवर माझा आवाज चढतो असं तुझी आई म्हणते, म्हणून लिहितोय. तू हॉटेलच्या स्वयंपाकघरात नोकरी धरलीस आणि मी अबोला धरला, ही बातमी नात्यागोत्यात सगळीकडे पोचली आहे. माझ्या कांताआत्याला कळलं तेव्हा ती शहाऐंशी वर्षांची बाई पदर तोंडाला लावून हसली. "पोट्टी पणज्यावर गेली, अजून काय!" म्हणजे काय, विचारलं तर लगेच, "मले काय मालूम, तू चहा घे."

आता तू मला ओळखतेस. पस्तीस वर्षं रेल्वेच्या कचेरीत फायली हुडकल्या, अर्धवट गोष्ट मला पचत नाही. माझे आजोबा, म्हणजे तुझे पणजोबा गुलाबराव, भंडाऱ्याहून आले आणि रेल्वेत लागले, एवढंच आपण ऐकत आलो. त्यांच्या पेन्शनचे कागद काढले. नोकरीची सुरुवात डिसेंबर १९५६. रायपूरला आले मात्र चव्वेचाळीस साली. मधली बारा वर्षं गेली कुठे? आत्याला पुन्हा छेडलं, तर "गोल बाजारात विचार" म्हणून तिनं कूस बदलली.

तीन दुपारी गोल बाजार पालथा घातला. शेवटी भांड्यांच्या एका दुकानात शालिग्रामजी भेटले. ऐंशी पार केलेले, त्यांच्या वडिलांचं स्टेशनजवळ हॉटेल होतं. आजोबांचा फोटो पाहून म्हातारा खुर्चीतून उठलाच. "अरे, ये तो हमारे गोपाल महाराज हैं! इनके आलूगुंडे के लिए लोग गाड़ी छोड़ देते थे, भैया!" आलूगुंडा म्हणजे आपला आलुबोंडा, आणि महाराज म्हणजे ब्राह्मण आचारी. मी चाटच पडलो. छप्पनच्या दसऱ्याला सुट्टी घेऊन गेले ते परत आलेच नाहीत, म्हणे.

तसाच आत्याकडे गेलो. नाव ऐकल्यावर ती बोलली. आपल्या लोकांसाठी त्या हॉटेलबाहेर कोनाड्यात वेगळे कप असायचे. पिणाऱ्यानं स्वतःच विसळून ठेवायचे. आणि आत तिचे वडील, जानवं घालून गोपाल महाराज! एकदा त्यांचा सख्खा धाकटा भाऊ गावाहून आला, बाहेर उकिडवा बसून त्याच कपात चहा प्याला. आजोबांनी चुलीपासून पाहिलं, ओळख दाखवली नाही. "भावानं बी हाक नाही मारली. त्याले समजलं होतं ना सारं," आत्या म्हणाली आणि रडायला लागली. नागपूरला दीक्षा घेऊन आल्यावर आजोबा त्या हॉटेलची पायरी चढले नाहीत. घरातल्या चुलीकडेही कधी फिरकले नाहीत.

आमच्या घरात हॉटेल हा शब्द शिवीसारखा का होता, ते मला बासष्टाव्या वर्षी कळलं. मनाई तेवढी वारशात मिळाली, तिचं कारण कुणी सांगितलंच नाही. मी परत जाऊन शालिग्रामजींना सगळं सांगितलं. त्यांनी फोटो पुन्हा मागून घेतला. मग म्हणाले, "पूरा नाम क्या था उनका?" मी म्हटलं, गुलाबराव रामटेके. त्यांनी ते दोनदा म्हणून पाहिलं.

आता खरं सांगतो. मंगळवारी मी नवा रायपूरला तुझ्या हॉटेलपाशी आलो होतो. काचेबाहेरून पाहिलं, तू पांढऱ्या कोटात पाहुण्यांना काहीतरी समजावून सांगत होतीस. मला फार अभिमान वाटला. मग छातीवरची पट्टी वाचली. इतरांच्या पट्टीवर आडनावं होती, तुझ्या पट्टीवर नुसतं 'दीपमाला'. तू घर सोडलंस त्या दिवशी दारात मीच ओरडलो होतो की आमचं आडनाव त्या हॉटेलात नेऊ नकोस. तू नेलं नाहीस. मला इतकी लाज वाटली की आत न येता बस धरली. आजोबांनी नाव लपवलं ते पोटासाठी, तुला लपवावं लागलं ते तुझ्या बापापायी. माझं चुकलं, बेटा. उद्याच नवी पट्टी मागून घे, आणि तिच्यावर रामटेके लिहून घे.

तुझाच,
बाबा