रोज मरणारी लिफ्ट

तीर्थरूप ताईस,

साष्टांग नमस्कार (गुडघा दुखतोय, म्हणून मनातल्या मनात). तुझी पाठ आणि भावोजींचा खोकला कसा आहे? आईबद्दल शेवटी लिहितो, तोवर वाचत राहा. या वेळी पाकिटावर ‘अत्यंत तातडीचे’ लिहिलेलं नाही, कारण तसली माझी पाकिटं तू न उघडता फ्रीजवर रचून ठेवतेस, हे मागच्या खेपेस मी स्वतः पाहिलं. (फोन तर तू हल्ली उचलतच नाहीस.) पण हे पत्र तू पूर्ण वाचायलाच हवंस. मी उभ्यानेच लिहितोय, गुडघा मुडपून बसवत नाही.

तर, आमच्या ऑफिसच्या लिफ्टमधल्या कॉम्प्युटरची ऑपरेटिंग सिस्टीम मी लिहितो. तिच्या प्रत्येक संदेशाला नंबर असतो: शून्य म्हणजे जीव जातोय, सात म्हणजे नुसत्या गप्पा. गप्पा गुपचूप फाइलमध्ये जातात. वॉचमनच्या पडद्यावर फक्त गंभीर तेवढं दिसतं, आणि शून्याला भोंगाही वाजतो. एक बिघाड शोधताना मी स्वतःसाठी घातलेल्या गप्पा मला पडद्यावर दिसाव्यात म्हणून मी त्यांना शून्य देऊन टाकलं. (सगळेच देतात. नंतर काढायचं असतं. मी विसरलो.) झालं. बारा मजली इमारतीत भोंगा वाजवून पडद्यावर येऊ लागलं: ‘इथवर आलो’, ‘अजून जिवंत’, ‘बघू पुढे’. पहिल्या दिवशी वॉचमन तीनदा धापा टाकत जिने चढला. चौथ्या दिवशी त्याने भोंग्यात बोळा कोंबला आणि पडद्यावर टॉवेल टाकला. पाचव्या दिवशी दाराची मोटर खरोखरच जळाली आणि आमचे मोठे साहेब सहाव्या-सातव्या मजल्याच्या मधोमध दोन तास अडकले. जाब विचारल्यावर वॉचमन शांतपणे म्हणाला, “साहेब, ते मशीन रोजच मरतं.”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. घाबरून मी एका झटक्यात सगळेच संदेश सातवर नेले, तर आता लिफ्ट अडकली तरी सिस्टीम चकार शब्द काढत नाही. म्हणून चारशे संदेश एकेक करून तपासतोय: हा जिवावरचा, की नुसती बडबड? दर वेळी वॉचमनचा टॉवेल आठवतो, आणि मग तुझा फ्रीज.

तुझा बडबड्या भाऊ

ता. क. मंगळवारी सकाळी नऊला आईच्या डोळ्याचं ऑपरेशन आहे. तुला कळवायचं नाही, असं तिने बजावलंय. पण काल तिनेच तीनदा विचारलं, ताईचं काही आलं का. तू ये. हा शून्य.

ता. क. २ तू दिलेली छत्री पुन्हा हरवली. हा सात.