महिन्यातून चार मुक्काम घरी

ती. ताईस सादर नमस्कार.

तू कशी आहेस? भावोजींचा गुडघा काय म्हणतो? तिन्ही पोरांनी घर उभं ठेवलंय ना? आमच्याकडे सगळं ठीक. (ठीक म्हणजे काय, ते सांगायलाच कागद घेतलाय. फोनवर आई मध्येच रडते आणि मग तिचीच समजूत घालावी लागते.)

तुला ठाऊक आहे, सात वर्षं मी सकाळी साडेसातच्या गजराला पाळणा लांबवायची गोळी घेतली. प्रवासात, तापात, तुझ्या नणंदेच्या लग्नात दाराआड उभी राहूनसुद्धा. चौदा महिन्यांपूर्वी ती बंद केली, तेव्हा माझी अशी खात्री की पहिल्याच आठवड्यात मी भरलेली बादली उचलणं सोडलं. आता दोन-दोन उचलते. डॉक्टरीणबाई म्हणतात, गोळ्यांचा काही दोष नाही, दोघांचेही रिपोर्ट उत्तम आहेत. म्हणजे कुणावर चिडायचीही सोय नाही. सात वर्षं मी दाराला कडी घालून बसले होते, आणि बाहेर बहुधा कोणी उभंच नव्हतं.

डॉक्टरीणबाईंनी महिन्यातले चार दिवस आखून दिले, दिवस राहण्याजोगे. हे नेमके लांब पल्ल्याच्या एसटीवर ड्रायव्हर, मुक्काम परगावी. आता डेपोतल्या सगळ्या ड्रायव्हरांचा ड्यूटी-चार्ट लावते कोण? मीच. लावली की ह्यांना चार दिवस जवळची गाडी, मुक्काम घरी! (लबाडी होती, कबूल. तूही केली असतीस. नाही, तुला कशाला करावी लागेल म्हणा.) पाच महिने कुणाच्या लक्षात आलं नाही. मग ड्रायव्हरांनी तक्रार केली आणि मॅनेजरसाहेबांनी पाचही चार्ट टेबलावर पसरून सर्वांदेखत विचारलं, "मॅडम, दर अठ्ठावीस दिवसांनी यांनाच जवळची गाडी कशी?" सगळ्यांत जुने ड्रायव्हर, ज्यांना आम्ही काका म्हणतो आणि ज्यांना पाच मुलं आहेत, त्यांनी बोटांवर काहीतरी मोजलं, घसा खाकरला आणि म्हणाले, "साहेब, तक्रार मागे घेतो आम्ही."

त्या दिवसापासून डेपो माझ्याशी फार चांगला वागतो, आणि तेच सोसत नाही. "मॅडम, माझी जवळची गाडी लागली तर घ्या हं," असं येता-जाता कोणीतरी सांगतं. कंडक्टरबाई नमस्कार तोंडाला करतात, बघतात पोटाकडे. ह्यांनी आठवडाभर सोसलं आणि मग कायमची लांबची गाडी मिळावी म्हणून लेखी अर्ज दिला. म्हणाले, घरी आलो की चाळीस ड्रायव्हर खोलीत उभे आहेत असं वाटतं. अर्ज मंजूर झाला. खाली सही माझीच आहे.

आणि त्यात तू. परवा आई बोलण्याच्या भरात सांगून बसली की तुला चौथा महिना आहे. वर सारवासारव, "ठरवून नाही गं, चुकून राहिलं." चुकून! मी चार्ट लावून मरते आणि तुझ्याकडे चुकून येतात. घरात सगळ्यांना माहीत, भावोजींच्या ऑफिसातसुद्धा. फक्त मला सांगायचं नाही असं तुम्ही ठरवलंत. मी काय दृष्ट लावणार होते? ताई, मला फार लागलंय ते. हा राग उतरायचा नाही. उत्तर पाठवू नकोस.

पोरांना पापे. भावोजींना नमस्कार, पण कोरडा.

तुझी धाकटी

ता. क. आईकडून तुझी तारीख काढून घेतली. त्या पंधरवड्याची माझी रजा आजच लिहून ठेवली. पोरांच्या शाळा, डबे, अंघोळी मी बघते. तू नको म्हणू नकोस. अट एकच. बाळ माझ्या मांडीवर देताना "आता तुझंही होईल" असं कोणी म्हणायचं नाही.

आणखी एक. आमचे ते चार दिवस नेमके त्याच पंधरवड्यात पडतात, ह्यांची सुट्टीही. मी दोनदा मोजून पाहिलं. तरी येते.