आई, पाचशे शब्दांत

१४ ऑगस्ट, रविवार
आजपासून रोजनिशी. पुढे सैन्यात अधिकारी झाल्यावर उपयोगी पडेल. रोज पहाटे पाचला उठणे, शंभर पुशअप्स, तीन मैल पळणे. आज नऊला उठलो, पण आज योजनेचा दिवस होता.

१७ ऑगस्ट
अकॅडमीच्या अर्जाचा निबंध झाला. विषय: तुमच्यावर सर्वांत जास्त प्रभाव कोणाचा? आईवर लिहिला. तिला जाऊन अडीच वर्षं झाली, त्यामुळे आता मी तटस्थपणे लिहू शकतो. ती शाळेची बस चालवायची, त्याबद्दल सगळं. चारशे ऐंशी शब्द, एका बैठकीत. मध्ये नाक वाहत होतं. शेतात कापणी चालू आहे, धुळीने होतं.

शाळेतल्या समुपदेशक मिसेस व्होलेकनी वाचला. पुन्हा पहिल्यापासून वाचला. मग म्हणाल्या, कार्स्टन, यातलं एक अक्षर बदलू नकोस. बाई भल्या आहेत, पण त्यांना स्पर्धेची कल्पना नाही.

३ सप्टेंबर
डाव ठरला. अमेरिकेत शिफारस असल्याशिवाय कुठलीच लष्करी अकॅडमी अर्जाकडे बघत नाही, आणि शिफारस देणारे आमच्या राज्यात तीनच: एक खासदार, दोन सिनेटर. बाकीची पोरं तिघांकडे एकच अकॅडमी मागतात. मी खासदाराकडे लष्कर मागणार, एका सिनेटरकडे नौदल, दुसऱ्याकडे हवाई दल. तीन दारं, एक तरी उघडेलच. निबंध तोच, थोडी डागडुजी.

फाइलही एकच ठेवणार, तिच्यावरच सेव्ह. पसारा नको.

५ सप्टेंबर
लष्कराची आई तयार. मूळ निबंधात ती उशिरा येणाऱ्या पोरांसाठी दोनदा हॉर्न वाजवून थांबायची. हे ढिलं वाटतं. आता ती कुणासाठीही थांबत नाही, ठरल्या सेकंदाला बस हलते. प्रिंट काढून पाठवला. पुशअप्स अकरा.

१८ सप्टेंबर
नौदलाची आई. तिला समुद्र बघायची ओढ होती, असं घातलं. आमच्यापासून समुद्र हजार मैलांवर, त्यामुळे ओढ जास्तच खरी वाटते. तळ्यावर मासे पकडायला गेलो की ती नावेत पाऊल टाकायची नाही, काठावरसुद्धा लाइफ जाकीट घालून बसायची. ते काढलं.

ब्रिटाने प्रिंट वाचली. माझी बहीण, नऊ वर्षांची. तिने विचारलं, आईला समुद्र आवडायचा? म्हटलं, हो, खूप. तिने प्रिंट मागून घेतली. मला आनंद झाला, घरातली पहिली वाचक.

१ ऑक्टोबर
हवाई दलाची आई. बस थांबवून विमानांकडे बघते. शेवट फार जमलाय. बाबांना दाखवणार होतो, पण ते हल्ली धान्याच्या कोठारावरून येतात आणि जेवून टीव्हीसमोर झोपतात. त्यांना साहित्याची आवड नाही.

४ नोव्हेंबर
तिन्ही कचेऱ्यांतून मुलाखतीची पत्रं. तिन्ही. तारीख एकच, १९ नोव्हेंबर, इमारतही एकच. योगायोग. खालचा बारीक मजकूर वाचला नाही, अधिकाऱ्याने तपशिलात अडकू नये.

१९ नोव्हेंबर, शनिवार
बाबांनी कामावर रजा टाकून तीन तास बर्फातून गाडी चालवली. वाटेत एवढंच बोलले, टाय सरळ कर.

खोली एक. टेबल एक. राज्य छोटं, म्हणून खासदार आणि दोन्ही सिनेटर, तिघांच्या मुलाखती एकत्रच होतात म्हणे. बारीक मजकुरात लिहिलं होतं. टेबलामागे तीन निवृत्त अधिकारी, मध्ये कर्नल बाई. त्यांनी माझे तिन्ही निबंध शेजारी शेजारी ठेवले. ओरडतील असं वाटलं होतं, तशी तयारी होती. पण त्या हळूच म्हणाल्या, बेटा, आई गेल्याचं वाचून वाईट वाटलं. आता हे सगळं बाजूला ठेव. ती कशी होती, ते सांग.

मी म्हणालो, ती वेळेची पक्की होती. मग म्हणालो, तिला विमानं. मग थांबलो. त्यांनी पाण्याचा ग्लास पुढे केला. मी पाणी प्यालो आणि धन्यवाद मॅडम म्हणून बाहेर आलो.

बाबांना सांगितलं, छान झाली. ग्लास पुढे करणं चांगलं लक्षण आहे.

१२ डिसेंबर
तीन पत्रं. तिन्हींत नाही. पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करता येतो, अनेक मोठे लोक दुसऱ्या खेपेला लागतात. आज जेवलो नाही, भूक नव्हती.

२० डिसेंबर
ब्रिटाच्या शाळेत नाताळचा कार्यक्रम. वर्गाच्या भिंतीवर पोरांचे कागद, विषय माझं कुटुंब. ब्रिटाचा कागद निळा. माझ्या आईला समुद्र फार आवडायचा, खाली लाटा, लाटांत आई हसतेय. बाबा त्याच्यासमोर टोपी हातात धरून उभे राहिले. मला म्हणाले, लेका, ती पाण्याला घाबरायची रे. चिडले असते तर बरं झालं असतं.

घरी आल्यावर ब्रिटाला खरं सांगितलं. ती रडली नाही. म्हणाली, आई गेली तेव्हा मी छोटी होते, मला नीट आठवत नाही, म्हणून मी तुझं घेतलं. मग तिला काय आवडायचं? म्हटलं, पहिला निबंध देतो तुला, तो सगळा खरा आहे.

२१ डिसेंबर
फाइल उघडली. विमानं. खाली गेलो, वर गेलो, विमानंच. त्याच फाइलवर तीनदा सेव्ह केलं होतं.

मिसेस व्होलेकना विचारलं. म्हणाल्या, तुझी प्रत मी त्याच दिवशी तुला परत दिली होती. दिली होती. मागच्या कोऱ्या बाजूवर मी पुशअप्सचा तक्ता केला होता, तो ऑक्टोबरात फेकला.

२४ डिसेंबर
दुपारपासून बसलोय. आठवून लिहिणार, सोपं आहे, माझीच आई. बस चालवायची. दोनदा हॉर्न वाजवायची आणि थांबायची. थंडीत माझे हातमोजे बसच्या हीटरवर ठेवायची. की ब्रिटाचे? गाणं गुणगुणायची, कुठलं ते येत नाही. बाबांना विचारायला गेलो. ते म्हणाले, थांबायची, रोज थांबायची, आणि मी त्यावरून तिला बोलायचो. मग उठून अंगणातला बर्फ काढायला गेले. तो सकाळीच काढून झाला होता.

चार ओळी झाल्या. ब्रिटाला दिल्या. तिने वाचल्या, कागद उलटून मागे बघितलं आणि विचारलं, बाकीची आई कुठंय?

म्हटलं, उद्या लिहितो.